वरच्या केबली वर

माझं तोंड बंद राहत नाही, हे आमच्या आळीत, ऑफिसात आणि सकाळच्या रोहा गाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. भाजीवाली असो, टीसी असो, सासू असो, मी कोणाचं ऐकून घेत नाही. नवरा म्हणतो, हिला झोपेत डिवचलं तरी ही उत्तर देऊनच कूस बदलेल. अशी मी. आणि माझ्या हातून झालेलं सगळ्यांत वाईट काम मी एका अक्षरात केलं. ते अक्षर म्हणजे 'हो'. ते कसं झालं ते आज सांगून टाकते, कारण पोटात ठेवून ठेवून आता त्याचा त्रास व्हायला लागलाय.

मी पेणची. रोह्याच्या थोडं अलीकडे रसायनं बनवणारी एक कंपनी आहे, तिथल्या कॉम्प्युटर विभागात मी बारा वर्षं आहे. विभाग कसला, मी, माझे साहेब आणि कंत्राटदाराचा एक माणूस. हा कंत्राटदाराचा माणूस म्हणजे चाचा. वय पंचावन्नच्या पुढे, दाढी नीट कातरलेली, खिशात कायम एक स्क्रू-ड्रायव्हर आणि पांढऱ्या चिकटपट्टीचं रीळ. चोवीस वर्षं आखातात केबली ओढायचं काम करून ते गावी परत आले होते. गाव त्यांचं खाडीकाठचं, रोह्याहून पुढे अर्ध्या तासावर. कंपनीत लहानथोर सगळे त्यांना चाचाच म्हणत, साहेबसुद्धा.

चाचांचा एक नियम होता. गेटच्या आत मी 'मॅडम' आणि 'तुम्ही'. गेटबाहेर पाऊल पडलं आणि आम्ही रोहा स्टेशनच्या मिनीडोअरमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या सहाआसनी रिक्षात, बसलो, की मी 'गो' आणि 'तू'. काय गो, डबा परत तसाच नेतेस काय, काय गो, आज कोणाशी भांडलीस. मी एकदा विचारलं, चाचा, हे असं गेट बघून का बदलता? तर म्हणाले, आत तू कंपनीची, बाहेर आमची. माझे वडील गेल्यापासून मला 'गो' म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. दिवसभर कितीही डोक्याला ताप झाला तरी त्या पंधरा मिनिटांच्या मिनीडोअरमध्ये मला बरं वाटायचं.

तिथेच त्यांनी मला सांगितलं होतं की ते तिकडे असताना त्यांची आई गेली आणि तिची माती त्यांनी फोनवर बघितली. भाऊ एका हातात फोन धरून दुसऱ्या हातानं माती टाकत होता, त्यामुळे नीट दिसलंही नाही. तेव्हाच त्यांनी ठरवलं की आता परत नाही जायचं. बायकोला सांधेदुखी, तिला एकटीला विहिरीवरून पाणी आणता येत नाही. तिकडचा मुकादम अजून फोन करून बोलावतो, आणि घरातलेही म्हणतात जा म्हणून, पण इथे काम आहे तोवर नाही म्हणता येतं. गळ्यातला गेटपास दोन बोटांत धरून ते म्हणाले होते, "हा हाय तोवर मी घरात हाय. हा गेला की परत विमान." तो पास दर सहा महिन्यांनी नवा करून मिळायचा, आणि तो द्यायचा की नाही हे कंपनी ठरवायची. हे मला पक्कं ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं असं पुढे कुठेही म्हणणार नाही.

आता कामाचं सांगते, फार डोकं नाही खाणार. आमच्याकडे चार सर्व्हर आहेत. कंपनीचं सगळं त्यांच्यावर चालतं, वजनकाटा, लॅबचे रिपोर्ट, टँकरला गेटबाहेर सोडायची पावती. पण या चौघांच्या पोटात स्वतःचं काही नाही. सगळा साठा बाजूच्या एका मोठ्या पेटीत, तिला स्टोरेज म्हणतात. सर्व्हर चालू केला की आपण कोण आणि आता काय करायचं, एवढंसुद्धा त्याला त्या पेटीला विचारावं लागतं. हे विचारणं ज्या वाटेनं होतं त्या वाटेवर दोन स्विच. दोन अशासाठी, की एक बंद पडला तर दुसऱ्यावर काम निभावेल. प्रत्येक सर्व्हरमधून एक केबल एका स्विचला, एक दुसऱ्याला, स्टोरेजमधून दोन-दोन, अशा बारा केबली. केबल सर्व्हरच्या ज्या कार्डात लागते, त्या प्रत्येक कार्डाला स्वतःचा नंबर. आणि प्रत्येक स्विचमध्ये एक यादी भरलेली असते, कोणत्या सर्व्हरच्या कोणत्या कार्डानं स्टोरेजकडे जायचं याची. यादीत नंबर नसेल तर स्विच ओळखच दाखवत नाही.

जुने स्विच खोलीच्या दोन टोकांना होते. एक पेणच्या बाजूच्या भिंतीला, एक रोह्याच्या बाजूच्या. कागदावर त्यांना ए आणि बी म्हणत असतील, पण चाचांनी आल्या आल्या त्यांना पेण आणि रोहा करून टाकलं. केबलीच्या दोन्ही टोकांना पांढरी पट्टी, तिच्यावर त्यांच्या गोल अक्षरात पे-एक, पे-दोन, रो-एक, रो-दोन. हळूहळू साहेबही फोनवर 'रोहा बंद आहे का बघा' असं बोलायला लागले, आणि बाहेरच्या माणसाला वाटायचं की आख्खं गाव बंद पडलं. आम्ही हसायचो.

जुने स्विच म्हातारे झाले, कंपनीनं नवे मागवले. नवे एवढे बारीक की दोन्ही एकाच रॅकमध्ये, एकावर एक बसणार. म्हणजे पेणची बाजू आणि रोह्याची बाजू हे संपलं. आता एक वरचा आणि एक खालचा.

माझे वडील रेल्वेत होते. कासू स्टेशनला पॉइंट्समन होते बरीच वर्षं, मग पेणला. आमच्या घरात वर म्हणजे मुंबईकडे आणि खाली म्हणजे रोह्याकडे, कारण अपची गाडी आणि डाऊनची गाडी. आई शेजारणीला सांगायची, हे आज वर गेलेत, म्हणजे पनवेलला. हे माझ्या अंगात इतकं मुरलेलं की यात विचार करण्यासारखं काही आहे हेच मला सुचलं नाही. मी आदल्या आठवड्यात टेबलावर दोन्ही स्विच ठेवून त्यांच्यात याद्या भरल्या. वरच्या स्विचमध्ये पेणची, खालच्यात रोह्याची. वहीत पेणच्या कार्डांचे नंबर निळ्या पेनानं लिहिले, रोह्याचे लाल. व्यवस्थित काम. माझी पाठ मीच थोपटली.

रविवारी सकाळी आठ ते बारा सर्व्हर बंद ठेवायची परवानगी होती. बारा वाजता टँकर सुटायला लागणार होते. मी पहिल्या गाडीनं गेले. चाचा आधीच येऊन बसले होते, रिळातली पट्टी कापून, बारा तुकडे टेबलाच्या कडेला ओळीनं चिकटवून. जुने स्विच काढले, नवे चढवले. केबली लावायच्या आधी चाचा म्हणाले की मॅडम, स्विचवर नाव टाकू या, पेण कोण आणि रोहा कोण. हा त्यांचा आखातातला नियम, आधी चिठ्ठी, मग केबल. चिठ्ठी नसेल तर ते साधी इस्त्रीची वायरसुद्धा लावायचे नाहीत.

आणि मला घाई. साहेबांचा फोन दोनदा येऊन गेलेला, सकाळपासून चहासुद्धा पोटात नाही. मी म्हटलं, चाचा, दोनच तर आहेत, नावं कसली टाकताय, बारसं आहे का? वरच्या केबली वर लावा, खालच्या खाली. ते केबल हातात धरून थांबले. "वरच्या वर ना, मॅडम?" असं त्यांनी परत विचारलं. मी म्हटलं, "हो हो, वरच्या वर. कितीदा सांगू?" आणि चहा आणायला कँटीनला निघून गेले. परत आले तर बारा केबली लागलेल्या, सगळ्या एका मापाच्या वळणात बांधलेल्या, आणि दोन्ही स्विचवर हिरवे दिवे. ते दिवे बघून मी खूश.

पहिला सर्व्हर चालू केला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पळाली, थांबली, आणि ओळ आली की सुरू होण्याजोगी डिस्क सापडत नाही. मी परत चालू केला. तेच. दुसरा केला, तिसरा, चौथा. चौघेही तेच सांगत होते.

मग जे चालतं ते चाललं. स्टोरेज तपासलं, ठणठणीत. सर्व्हरच्या कार्डात स्टोरेजचा नंबर नीट आहे का बघितलं, नीट होता. स्विचचा वेग कमीजास्त करून बघितला. केबलीच्या टोकाला लागणारे छोटे तुकडे बदलले. हिरवे दिवे मला चांगलेच भोवले. दिवा हिरवा म्हणजे केबल धडधाकट एवढंच, ती बरोबर घरात गेलीय असं नव्हे, पण घामाघूम झालेल्या माणसाला एवढं कुठलं सुचायला. मी चाचांवर घसरले. कनेक्टर पुसले होते का, नीट टिक वाजेपर्यंत आत गेले का. त्यांनी बाराच्या बारा केबली एकेक काढून, कापडानं पुसून, परत त्याच घरात लावल्या. मी आवाज चढवला की माणसं उलट बोलतात किंवा निघून जातात. चाचा गेटच्या आत दोन्हीतलं काही करत नसत.

अकराला मी स्विच विकणाऱ्यांच्या इंजिनिअरला फोन लावला. तो पुण्याचा, बोलणं अगदी सावकाश. त्यानं पहिल्या पाच मिनिटांत विचारलं की दोन्ही बाजूंच्या केबली ज्या त्या स्विचलाच आहेत ना, अदलाबदल नाही ना झाली. मी काय म्हणावं? मी म्हटलं, ते शक्यच नाही, आमचे चाचा त्या कामात पक्के आहेत. असं म्हणून मी त्याला दुसऱ्याच वाटेला लावलं आणि दोन तास घालवले. चाचांच्या चोख कामाची ग्वाही मी अकरा वाजता दिली होती. तीन तासांनी काय केलं ते पुढे येतंच आहे.

बारा वाजले. गेटवर टँकर उभे राहायला लागले. वजनकाटा आंधळा, पावती निघेना. साहेब पहिल्यांदा आले ते काळजीनं, दुसऱ्यांदा आले ते रागानं, तिसऱ्यांदा आले तेव्हा नुसते माझ्या खुर्चीमागे हाताची घडी घालून उभे राहिले. साहेब वाईट माणूस नाही. त्यांच्याही डोक्यावर कोणी बसलेलं होतंच. पण मागे कोणी उभं असलं की माझी बोटं चालत नाहीत.

दोनच्या सुमाराला मी वरच्या स्विचला विचारलं की तुझ्या दारात कोण कोण आलंय, ते दाखव. नंबर आले. मी वही उघडून एकेक ताडायला लागले. पहिला, लाल. दुसरा, लाल. तिसरा लाल. सगळे लाल. वरच्या स्विचमध्ये निळी यादी घालून मी बसलेली, आणि दारात सगळे रोहेकर उभे. खालच्यात सगळे पेणकर. स्विच बिचारे बरोबर वागत होते. यादीत नाव नाही, आत प्रवेश नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण हीच मला झोपू देत नाही. केबलींना हात न लावता हे सुटलं असतं. वरच्या स्विचची यादी खाली आणि खालची वर, कीबोर्डवर पाच-दहा मिनिटांचं काम. चूक माझी होती, माझ्याच बोटांनी मिटली असती, आणि साहेबांना मी सांगितलं असतं की यादीत घोळ होता. सांगितलं असतं तर दोन बोल ऐकले असते, बस. मी कायमची नोकरदार. मला कोण काढतंय?

पण तोंडातून आलं ते असं, "चाचा, केबली उलट आहेत. रोह्याच्या खाली घ्या, पेणच्या वर."

साहेबांनी मागून विचारलं, "म्हणजे केबली चुकीच्या लावल्या होत्या?"

मी म्हटलं, "हो."

साहेबांची मान चाचांकडे वळली. चाचा माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. आपण कोणाला काही विचारतो आणि समोरचा उत्तर द्यायच्या बेतात असतो, तेव्हा जसं थांबून बघतो, तसं. मी पडद्याकडे बघितलं. ते उठले, केबली बदलायला लागले. बदलून झाल्यावर एकेक सर्व्हर उठला, काटा सुरू झाला, गेटवर पहिला टँकर हलला. साहेब मला म्हणाले, शाब्बास, सापडवलंत. आणि मी ती शाब्बासकी घेतली. घेतली हो, सरळ घेतली.

त्या घटकेला मला खरंच वाटत होतं की चाचाच चुकले. निदान अर्धं तरी वाटत होतं. वर म्हणजे पेण हे इतकं उघड, त्यांना कसं कळलं नाही? संध्याकाळी मिनीडोअरमध्ये ते माझ्या शेजारी न बसता पुढे ड्रायव्हरजवळ बसले. थकले असतील, असं मी स्वतःला सांगितलं. रोहा स्टेशन यायच्या सुमाराला त्यांच्या घरून फोन आला. ते म्हणाले, "व्हय, वर आलोय, रोह्यात. येतो खाली आता."

वर आलोय, रोह्यात.

गाडीत बसल्या बसल्या मला उमगलं. त्यांचं गाव खाडीच्या खालच्या अंगाला. त्यांच्या आज्यापणज्यांपासून होडी भरतीबरोबर वर यायची ती रोह्याला, बाजार वर, दवाखाना वर, कोर्ट वर. रोहा त्यांच्यासाठी वरच असणार, दुसरं काय असणार? 'वरच्या केबली वर' असं मी सांगितलं, त्यांनी वरच्या केबली वर लावल्या. रेल्वेवाल्याच्या पोरीनं सांगितलं आणि खाडीवरच्या माणसानं ऐकलं. दोघांनीही आपापल्या घरातला शब्द वापरला. फरक एवढाच की त्यांनी आधी चिठ्ठी लावू या म्हटलं होतं, परत विचारलंही होतं, आणि मी कितीदा सांगू म्हणून फिस्कारले होते. पट्टीचे काही तुकडे संध्याकाळपर्यंत टेबलाच्या कडेला तसेच होते, मी निघताना पाहिले होते.

म्हणजे रविवारी संध्याकाळी मला सगळं कळलेलं होतं. सोमवारी सकाळी साहेबांनी अहवालाचा फॉर्म पाठवला. काय बंद पडलं, किती वेळ, कारण काय, जबाबदारी कोणाची. शेवटचे दोन रकाने मोकळे ठेवून फॉर्म पुढेच जात नाही. मी कारणात लिहिलं, केबल जोडणीतील चूक. जबाबदारीत लिहिलं, कंत्राटदार. चाचांचं नाव नाही लिहिलं, आणि हे मी स्वतःला मोठ्या शहाणपणानं समजावलं की नाव कुठे लिहिलंय. कंत्राटदाराकडे केबली लावणारा दुसरा कोण होता? मी लिहून बटण दाबलं आणि डबा उघडून जेवले. भाजी तोंडलीची होती, हे अजून आठवतं.

पुढचे तीन आठवडे चाचा येत राहिले. आत मी 'मॅडम' होतेच, बाहेर मात्र ते मिनीडोअरमध्ये पुढे बसायला लागले. मी रोज ठरवायचे की आज बोलते. मला भांडायला कधी मुहूर्त लागला नव्हता, पण ही गोष्ट बोलायला रोज काही ना काही आडवं यायचं. साहेब बैठकीत, साहेब रजेवर, आज त्यांचं डोकं तापलंय. मग महिना संपला, पास नवे व्हायचा दिवस आला, आणि चाचांचा पास आला नाही. गेटवरच्या सिक्युरिटीनं त्यांना आत सोडलं नाही. मी आत होते. मला दुपारी कळलं, तोवर ते निघून गेले होते. कंत्राटदारानं फोनवर सांगितलं की कंपनीचं पत्र आलं, टँकर अडकले त्या प्रकरणात कोणावर तरी कारवाई दाखवावी लागली, माणूस चांगला होता हो. होता, असं म्हणाला.

पुढच्या रविवारी मी त्यांच्या गावाला गेले. नवऱ्याला सांगितलं, कामाचं आहे. खरं सांगायचं तर मी माफी मागायला गेले नव्हते. मी 'जाऊ दे गो' एवढं ऐकायला गेले होते. ते एकदा ऐकलं असतं तर मी हलकी होऊन पेणला परतले असते आणि साहेबांकडे जायची गरज उरली नसती. इतका हिशेबी विचार मनात होता, आणि हातात पेढ्यांचा पुडा.

चाचांनी पडवीत खुर्ची दिली. त्यांची बायको गुडघा धरत बाहेर आली, माझ्या हातात सरबताचा पेला दिला आणि ह्याच का त्या, असं कौतुकानं विचारलं. म्हणजे घरात माझं नाव चांगलंच निघत असणार. आत दोरीवर दोन नव्या पँटी वाळत होत्या आणि दाराशी चाकांची बॅग उघडी होती. मला विचारायची गरज पडली नाही. चाचांनीच सांगितलं, मुकादमाला हो म्हटलं, तिकीट आलंय, गुरुवारचं. बाईच्या पाण्याची सोय? पुतणी येईल म्हणते.

बाई आत गेल्यावर मी बोलले. सगळं बोलले. वर म्हणजे आमच्या घरात मुंबई, तुमच्याकडे रोहा, मला त्याच संध्याकाळी कळलं, तरी मी फॉर्ममध्ये तसं लिहिलं. बोलताना मला रडू येत होतं आणि त्या रडण्याचीही मला लाज वाटत होती, कारण परत जायचं त्यांना होतं.

चाचा ऐकत होते. मग म्हणाले, "मना म्हाईत हाय. तुम्ही रोह्याच्या खाली घ्या बोललात ना, तेव्हाच समजला मना."

मी विचारलं, मग तुम्ही साहेबांना का नाही सांगितलंत?

"मना वाटला, तुम्ही बोलाल."

त्यांच्या अंगणात, गेटपासून एवढ्या लांब, ते मला तुम्ही म्हणाले. मी वाट बघत होते की कुठेतरी तो दुसरा शब्द येईल. आणखी सरबत घे गो, ऊन आहे गो, काहीही. त्यांच्या वागण्यात काडीची कमी नव्हती. पेढे त्यांनी दोन्ही हातांनी घेतले, पंखा माझ्याकडे वळवला, सासूची चौकशी केली. सगळं व्यवस्थित, अगदी गेटच्या आतल्यासारखं.

साहेबांना मी दुसऱ्या दिवशी, सोमवारी, लिहून दिलं. चूक माझी, सूचना माझी, चिठ्ठ्या लावू न देणारी मीच. ते वाचून साहेब म्हणाले, हे तेव्हा बोलायचं ना. फॉर्म बंद झालेला, कंत्राटदारानं दुसरा माणूस दिलेला. मला एक मेमो मिळाला, तो माझ्या फाइलीत आहे. त्यानं माझं काही बिघडलं नाही. चाचा गुरुवारी गेले. आता दोन्ही स्विचवर पांढरी पट्टी आहे, मी माझ्या हातानं लावली, पेण आणि रोहा. अक्षर काही त्यांच्यासारखं गोल आलं नाही.

पण ते नंतरचं. त्या रविवारी मी उठले तेव्हा चाचा मला सोडायला फाट्यापर्यंत चालत आले. मी नको म्हणत होते, तरी आले. फाट्यावर मिनीडोअर उभीच होती, त्यांच्याच गावातला पोरगा चालवत होता. मी मागे बसले. चाचांनी पुढच्या खिडकीत वाकून त्याला सांगितलं,

"मॅडमना वर सोड."

पोरानं मान हलवली, गाडी चालू केली. वर म्हणजे कुठं, असं त्यानं विचारलं नाही.